डोक्याला गंभीर मार लागलेलं मूल आयसीयूत असताना: सीमाभागातल्या आईबापांसाठी

पहिल्या रात्री आयसीयूच्या दाराबाहेर गावाकडून ट्रॅक्स भरून आलेली माणसं असतात. तिसऱ्या आठवड्यात तिथं बहुतेक वेळा आई एकटी असते आणि तिच्या पिशवीतल्या पावत्यांचा मेळ कुणालाच लागत नसतो. मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलाचं दवाखान्यातलं राहणं आठवड्यांचं, घरी आल्यावरचं काम महिन्यांचं, कधी वर्षांचं. म्हणून माणसं, पैसा आणि झोप पहिल्या तीन दिवसांतच संपवायची नाही. बाकीच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

आपल्या पट्ट्यात यात आणखी गुंता. अपघात निपाणीजवळ, जवळचा मोठा दवाखाना कोल्हापूरला, रेशन कार्ड कर्नाटकचं, पोलिसांचा कागद कन्नडमध्ये आणि मूल मराठीशिवाय काही न समजणारं. त्यामुळे इथं काही पायऱ्या जास्तीच्या आहेत.

पहिले तास: सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन जिथं आहे, तिथं

उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळलेली दुचाकी, खानापूर भागात फणसाच्या झाडावरून पडलेलं पोर, गच्चीचा कठडा नसलेलं अर्धवट बांधकाम. कारण काहीही असो, मुलाला उचलताना मान आणि पाठ एका रेषेत ठेवा, तोंडात पाणी घालू नका आणि १०८ ला फोन करा. मूल उठून बसलं, बोललं, म्हणून निर्धास्त होऊ नका. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल, तर काही वेळ मूल ठीक दिसतं आणि मग उलट्या, गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी होणं सुरू होतं. "दमलंय, झोपू दे" असं म्हणायची ही वेळ नव्हे.

जवळ कोण, हे गावावर ठरतं. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. कागवाडकरांना मिरज दाराशी आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्याला बेळगावच, म्हणजे बिम्सचा जिल्हा दवाखाना, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय किंवा एखादं खाजगी न्यूरो सेंटर. निघतानाच फोन करून दोनच गोष्टी विचारा: आत्ता सीटी स्कॅन चालू आहे का, न्यूरोसर्जन हजर आहेत का. वाटेत तीन दवाखान्यांची दारं वाजवण्यात जाणारा वेळ परत मिळत नाही.

रस्त्यावरून कुणी अनोळखी माणसानं मुलाला आणलं असेल तर त्याला अडवून ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. त्यानं आपणहून नंबर दिला तर लिहून घ्या, पुढे उपयोगी पडतो.

पहिल्याच दिवशी: योजनेचं टेबल, डागिने नंतर

अपघाताचा रुग्ण आला की दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. एमएलसीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अपघात महाराष्ट्राच्या हद्दीत आणि दवाखाना बेळगावात असेल तर "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला असेल तर कन्नड वाचणारं घरचं माणूस बोलवा, शब्दन् शब्द वाचून घ्या, मगच सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागा.

आता पैसे. आईच्या गळ्यातलं आणि हातातलं पहिल्याच दिवशी सोनाराकडे जातं, हे मी फार वेळा पाहिलंय. तसं करू नका. आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात सरकारी योजनांचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल गाठा, ते बहुधा बिलिंगच्या शेजारी असतं. कर्नाटकचं बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्डावर सरकार पॅकेजच्या दराच्या ३० टक्के देतं, कमाल दीड लाखापर्यंत. एरवी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, तातडीच्या रुग्णाला ती अट नाही. हे टेबलावरच्या माणसाला ठामपणे सांगा.

रस्ते अपघात असेल तर केंद्राची आणखी एक कॅशलेस योजना ५ मे २०२५ पासून आहे. योजनेतल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाखापर्यंत. यात कार्डाचा रंग बघत नाहीत. पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, म्हणून एमएलसी नंबर हाताशी हवा.

महाराष्ट्रातल्या दवाखान्यात मूल दाखल असेल तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. एक, आयुष्मान कार्ड चालेल का. ते केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना दुसऱ्या राज्यातही लागू पडतं. दुसरा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं गाव आहे का. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना लागू करायचं ठरवलं. त्यावरून दोन्ही सरकारांत काय जुंपली ते आपण पेपरात वाचलंय. दवाखान्याच्या बाकावर बसून तो वाद घालायचा नाही, फक्त गावाचं नाव सांगून यादीत बघायला लावायचं.

मुलाचं नाव रेशन कार्डावर चढलेलं असतं का? पुष्कळदा नसतं. आधारावर एक स्पेलिंग, कार्डावर कन्नडमधून फिरून आलेलं दुसरंच, जन्मदाखल्यावर तिसरं. एका माणसाला पहिल्या दोन दिवसांत हेच काम द्या. काकाला द्या, मामाला द्या, आईबापाला नको.

आत काय चाललंय

कवटी ताणली जात नाही. आत सूज आली किंवा रक्त साचलं तर दाब वाढतो आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. पहिला मार झाला तो झाला, तो कुणाला मागे घेता येत नाही. आयसीयूतली सगळी धडपड हा दुसरा मार टाळण्यासाठी असते. म्हणून पलंगाचं डोकं साधारण ३० अंश वर, मान सरळ, सूज उतरवायला मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन, ताप येऊ न देणं, रक्तातलं सोडियम सारखं तपासणं, फिट येऊ नये म्हणून औषध. सूज बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. पहिल्या दिवशी "स्थिर आहे" ऐकून तिसऱ्या दिवशी "जरा बिघडलंय" ऐकलं की लोक दवाखान्यावर संशय घेतात. पुष्कळदा हा इजेचाच क्रम असतो.

जीसीएस, म्हणजे मूल किती शुद्धीत आहे ते मोजणारा आकडा, रोज कानावर पडेल. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, मिळून १५. कमीत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. नळी घातलेलं मूल बोलू शकत नाही, म्हणून तिथं गुण देत नाहीत. एकूण आकड्यापेक्षा हालचालीचे गुण विचारा: सांगितल्यावर हात हलवतो ते ६, दुखवल्यावर हात नेमका तिथं नेतो ते ५, नुसता हात ओढून घेतो ते ४.

व्हेंटिलेटरवरच्या मुलाला बहुतेक वेळा झोपेचं औषध चालू असतं. "पोरगं कोमात गेलंय" असा निरोप गावात पोचण्याआधी डॉक्टरांना विचारा की ही बेशुद्धी इजेची आहे की औषधाची. औषध कमी करून बघतात त्या दिवशी काय दिसलं, ते खरं.

ऑपरेशनमध्ये कधी कवटीचा तुकडा काढून ठेवतात, सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून. तो फ्रीजरमध्ये ठेवतात किंवा मुलाच्याच पोटाच्या कातडीखाली. भेटायला आलेल्या आत्यानं पोटावरचे टाके बघून "किडनी काढली की काय" म्हणून गोंधळ घातल्याचं मी ऐकलंय. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. हाड महिन्यांनी परत बसवतात, तोवर त्या बाजूला डोक्यावर काहीही आदळू द्यायचं नाही.

एक वही, एक तोंड

शंभर पानी वही घ्या. रोज तारीख, आलेले डॉक्टर, जीसीएस, ताप, नवं औषध, नवी तपासणी, भरलेले पैसे. मागच्या पानांत फक्त प्रश्न. डॉक्टरांशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा, सोबत ऐकायला दुसरं. चार भाऊ चार वेळा विचारायला गेले की चार वेगळी उत्तरं गावात पोचतात आणि मग भांडण डॉक्टरांशी कमी, आपापसात जास्त होतं.

राऊंडच्या वेळी उभ्या-उभ्या विचारायचे प्रश्न तीनच: कालपेक्षा काय बदललं, आज काय करणार, कशाची काळजी वाटतेय. "वाचेल का, पहिल्यासारखा होईल का" हेही विचारायचंच, पण त्यासाठी आठवड्यातून एकदा खुर्चीवर बसून बोलायची वेळ मागून घ्या. दारात पायावर पाय देत विचारलं की उत्तरही दारातलंच मिळतं.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत येतं. "मराठीत सांगा, मग सही करतो," असं म्हणायला संकोच कशाचा? बेळगावच्या दवाखान्यांत मराठी बोलणारी नर्स किंवा वॉर्डबॉय सापडतोच. कशाचं ऑपरेशन, न केल्यास काय, धोका काय, एवढं समजल्याशिवाय सही नको. पण तातडीच्या ऑपरेशनला गावच्या थोरल्यांची वाट बघत दोन तास घालवूही नका.

मुलाला मराठीत विचारायला लावा

हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण इथं फार महत्त्वाचं आहे. औषध उतरल्यावर नर्स मुलाला सांगून बघते: हात वर कर, जीभ दाखव. रात्रपाळीची नर्स गदग-बागलकोटकडची असेल तर ती सहज कन्नडमध्ये सांगते, "कै एत्तु". मराठी शाळेतलं आठ वर्षांचं पोर, अर्धवट शुद्धीत, हात उचलणार कसा? आणि चार्टावर लिहिलं जातं, सांगितलेलं करत नाही. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या: मूल फक्त मराठी समजतं, घरी त्याला अमुक नावानं हाक मारतात, डावखुरा आहे, चष्मा आहे, एका कानानं कमी ऐकतो. सोबत देवनागरी आणि कन्नड लिपीत चार मराठी वाक्यं: डोळे उघड, हात वर कर, माझं बोट दाब, जीभ दाखव. पलंगाशी चिकटवायला सांगा. मूल कन्नड शाळेत जात असेल तर तसं लिहा.

भेटीच्या वेळी आईनं नेहमीच्याच आवाजात बोलावं. गल्लीतली मांजर व्याली, म्हशीला रेडकू झालं, असलं काहीही. रडू आवरत नसेल तर त्या दिवशी आजीला पाठवा. मॉनिटरवरचे आकडे चढायला लागले आणि नर्स थांबा म्हणाली, की थांबायचं. पहिल्या दिवसांत फार हलवणं, चोळणं, चौघांनी हात लावणं चालत नाही.

"कोल्हापूरला हलवूया"

पाचव्या दिवशी कुणीतरी हे म्हणतंच. कोल्हापूर नाहीतर हुबळी, गोवा, बेंगळूरचं निम्हान्स. हलवणं कधी योग्यही असतं. पण बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, हुबळीही साधारण तितकंच, आणि डोक्यातला दाब वाढलेल्या व्हेंटिलेटरवरच्या मुलाला त्या प्रवासात धोका असतो. इथं नसलेली कोणती सोय तिथं आहे? तिथल्या न्यूरोसर्जनशी इथल्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं होऊन आयसीयूची खाट पक्की झाली आहे का? ॲम्ब्युलन्समध्ये व्हेंटिलेटर आणि तो चालवणारं शिकलेलं माणूस आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाली तरच हलवा. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जायचा बेत असेल तर आणखी विचार करा.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्यास तशी सही घेतात, आणि पुढे योजना किंवा विम्यात त्याचा त्रास होऊ शकतो. नुसतं दुसरं मत हवं असेल तर मुलाला नव्हे, कागद हलवा. सीटीची सीडी आणि केसपेपरच्या प्रती मागा. मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे.

दाराबाहेरची माणसं

पाळ्या लावा. रात्री एक, दिवसा एक, डब्याला एक. आईला एका रात्रीआड खाटेवर झोप मिळालीच पाहिजे, मग ती पाहुण्यांच्या घरी असो नाहीतर दवाखान्याजवळच्या खोलीत. ती जायला तयार होत नाही. "तू गेलीस तर आत काय बदलणार हाय गं?" असं म्हणून पाठवायचं काम सासूनं करावं, नवऱ्याचं ती ऐकत नाही. तिची स्वतःची बीपीची, थायरॉईडची गोळी चुकत नाही ना, हेही कुणीतरी बघा.

येण्याजाण्याचा खर्च हळूहळू बोचतो. कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास आहे, कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. म्हणजे खानापूर-बेळगाव डबा पोचवायला मावशी गेलेली परवडते. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

भाकरी, झुणका, ताक, जे पचतं ते खा. वडापाव-चहावर आठवडा काढला की आठव्या दिवशी बापच सलाईनला लागतो. गल्लीच्या ग्रुपवर संध्याकाळी एकच निरोप टाका, तोही आईनं नव्हे. पोराचा नळ्या लावलेला फोटो कुणालाही पाठवू नका. उद्या ते मोठं होऊन तो बघणार आहे.

यल्लम्माचा भंडारा येईल, जोतिबाचा गुलाल येईल, दर्ग्यातला दोरा येईल. कुणाला नाही म्हणू नका, पण टाक्यांजवळ, नाकाजवळ, नळ्यांजवळ काहीही लावायचं नाही. पुडी कागदात बांधून उशाखाली ठेवायला नर्सला विचारा, बहुतेक जणी हो म्हणतात. नवस बोला, पण नवसापायी औषध बंद करायला लावणाऱ्याला जिन्यावरूनच परत पाठवा.

घरी राहिलेल्या धाकट्या भावंडाला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं. "दादाला ताप आलाय" म्हटलं की ते पुढे प्रत्येक तापाला घाबरतं.

ब्रेन डेड म्हटलं तर

हा परिच्छेद नको वाटेल, पण वाचून ठेवा. कोमातल्या मुलाचा मेंदू थोडाफार चालू असतो, सुधारणेला जागा असते. ब्रेन डेड म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलंय, छाती हलते ती यंत्रामुळे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हे चार डॉक्टरांच्या मंडळानं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा चाचण्या करून ठरवायचं असतं, त्यात यंत्र थोडा वेळ काढून श्वास येतो का ते बघतात. चाचण्या झाल्या का, केव्हा, कोणी केल्या, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अवयवदानाबद्दल विचारलं जाईल, कर्नाटकात हे काम जीवसार्थकते ही सरकारी संस्था बघते. अल्पवयीन मुलासाठी आईबापांच्या लेखी संमतीशिवाय काहीही होत नाही. हो म्हणा किंवा नको म्हणा, पण दोघांनी मिळून, वेळ मागून घेऊन.

जाग येताना

सिनेमात डोळे उघडतात आणि "आई" म्हणतात. प्रत्यक्षात डोळे उघडतात आणि नजर कुठंच नसते. ती कुणाच्या मागे फिरायला दिवस लागतात, मग कधीतरी बोट दाबलं जातं. त्यानंतर एक काळ असा येतो की मूल ओरडतं, शिव्या देतं, नळ्या उपटतं, आईलाच मारतं. पुष्कळ मुलांत ही बरं होण्याच्या वाटेवरचीच पायरी असते. त्या वेळी उजेड कमी, टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस आणि छोटी वाक्यं. "मला ओळखलंस का, मी कोण सांग?" अशी परीक्षा घेऊ नका. आपणच सांगा: "मी आई. तू दवाखान्यात आहेस. पडला होतास. आता बरा होतोयस."

घरी नेण्याआधी शिकून घ्यायचं

डिस्चार्जच्या निदान आठवडाभर आधी नर्सच्या हाताखाली स्वतः करून बघा, दोघांनी तरी. नाकातल्या नळीनं भरवताना डोकं वर, आधी नळी जागेवर असल्याची खात्री, शेवटी पाणी घालून नळी साफ, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. श्वासासाठी गळ्याला छिद्र केलेलं असेल तर कफ ओढून काढणारं सक्शन मशीन आणि वीज गेल्यावर चालणारं पायानं दाबायचं मशीन, दोन्ही हवीत. आपल्याकडे लाईट कशी जाते हे सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड रोज बघणं, सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओनं दाखवलेले व्यायाम.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. फिटची गोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत एक दिवसही बंद नाही.

पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी या मुलांच्या तपासणी-उपचार केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात, आणि मेंदू-मनाच्या तक्रारींसाठी धारवाडचं डिमहान्स फार लांब नाही. अपंगत्व राहिलंच तर युडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची प्रक्रिया सुरू करा.

दाव्याची तारीख आणि शाळा

रस्ते अपघात असेल तर नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा असं २०२२ पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते. दवाखान्यात दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून ही तारीख वहीच्या मुखपृष्ठावर लिहा. अपघात कोल्हापूर जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे बेळगावच्या प्राधिकरणात दावा घालता येतो. ठोकर देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी गंभीर इजेसाठी सरकारी योजनेतून ५० हजार मिळतात. मूळ बिलं वकिलाकडे देऊ नका, झेरॉक्स द्या.

शाळेत परत पाठवताना पहिले काही आठवडे दोनच तास, तेही सकाळचे. वर्गशिक्षकांना आधी जाऊन भेटा आणि सांगा की मूल लवकर दमतं, चिडतं, सकाळचं दुपारी विसरतं, ते मुद्दाम करत नाही. पहिल्या बाकावर बसवा, पीटीच्या तासाला खो-खो, कबड्डी नको, आणि सर्जन हो म्हणेपर्यंत सायकल कुलपात.